कद्दिश कोणी म्हणायचा? (बाबांनंतरचे काही प्रश्न)

साळुंकी:
शालोम मंडळी. आमचे बाबा शेवाट महिन्यात (हिब्रू पंचांगातला, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराचा) गेले. दोन वर्षं डायलिसिस चालू होतं, त्यामुळे अचानक गेले असं म्हणता येणार नाही. मला एकच भाऊ, तो इस्राएलात, अश्दोदला. दफन दुसऱ्या दिवशी सकाळीच झालं, त्याला विमान पकडून पोचणं शक्यच नव्हतं. तो तिकडे सात दिवस बसला, मी आणि आई इकडे. सात झाले, तीस झाले, येणारेजाणारे थांबले आणि आता एकेक प्रश्न डोकं वर काढतोय.

पहिला कद्दिशचा, म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायच्या प्रार्थनेचा. मी मुंबईच्या एका उपनगरात राहते. जवळच्या मशिदीत (समाजाबाहेरच्या वाचकांसाठी: आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू; आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात) शब्बाथला कद्दिशला लागणारे दहा पुरुष जमतात, एखाद्या शनिवारी नवावरच गाडी अडते. सोमवार-गुरुवारचं तर विचारूच नका. भाऊ म्हणतो, "मी शब्बाथला गाडी चालवणारा माणूस. मला कुठे ते अरामी वाचता येतंय! एखाद्या येशिवाला (धर्मग्रंथ शिकवणाऱ्या शाळेला) पैसे देऊ, ते म्हणतील वर्षभर." मला हे पटत नाही. बाबा आम्हा दोघांनाही आलेफ-बेत (हिब्रू मुळाक्षरं) शिकवायला बसवायचे. तो बॅट घेऊन पळायचा, मी बसायचे. कद्दिश मला तोंडपाठ आहे. मग मीच का नाही म्हणायचा?

दुसरा प्रश्न वर्षाच्या दिवसाचा. बाबा संध्याकाळी सव्वासातला गेले. इथे अंधार पडला होता, म्हणजे आपल्या हिशोबाने पुढची तारीख लागली होती. अश्दोदला तेव्हा पावणेचार, लख्ख ऊन. भावाने आदली तारीख लिहून ठेवलीय. आता दोघांनी दोन वेगळ्या दिवशी दिवा लावायचा का?

तिसरा आईचा, आणि खरं तर हाच मोठा. आई ७९ वर्षांची आहे. वर्षभरापासून विसरायला लागलीय. बाबा गेले हे सकाळी माहीत असतं, दुपारी विसरते, चारला त्यांचा चहा गाळून बशी झाकून ठेवते. "अजून कसे आले नाहीत" म्हणून मला विचारते. सांगितलं की रडते, पहिल्यांदा ऐकल्यासारखी. भाऊ म्हणतो, फ्लॅट विकून टाकू, तिला इकडे आणतो. ती म्हणते, मी माझं घर सोडणार नाही. आणि कोणीतरी मला असंही ऐकवलं की लग्न झालेल्या मुलीवर आईबापांची जबाबदारीच नाही. हे खरंच असं आहे?

जाणकारांनी सांगावं. "मन शांत ठेवा" छाप सल्ले कृपया नकोत.

पेणवाला:
मन शांत ठेवा.
(मारू नका, राहवलं नाही.) गंभीरपणे: झूमवर मिन्यान (प्रार्थनेला लागणारी दहा माणसं) का नाही होत? करोनात कितीतरी जण करत होते की. दहा चौकोन, दहा माणसं.

हझानकाका:
मुली, बाबांना गान एदेन लाभो. आधी सोपं ते उरकतो.

तारीख तुझी बरोबर. माणूस जिथे गेला तिथला सूर्य बघायचा. मुंबईत सूर्य बुडून चांदण्या आल्या होत्या, तेव्हा पुढची तारीख, झालं. भाऊ अश्दोदला असो नाहीतर अमेरिकेत, त्यानेही तीच हिब्रू तारीख धरायची आणि त्याच्या गावच्या सूर्यास्ताला दिवा लावायचा. घड्याळाप्रमाणे तुमचे दिवे काही तासांच्या अंतराने लागतील, पण तारीख एकच राहील.

कद्दिशला मिन्यान लागतो, त्यात सूट नाही. कद्दिश, केदुशा, बारेखू या प्रार्थना, सेफेर (तोराची गुंडाळी) काढून वाचणं, ही सगळी दहा जणांत करायची कामं. एकट्याने म्हटला तर तो कद्दिश होत नाही, मग म्हणणारा मुलगा असो की मुलगी. तेव्हा तुझा पहिला अडसर तू बाई आहेस हा नाहीच. दहा माणसं आणायची कुठून, हा आहे. पूर्वी भायखळा, आग्रीपाडा, डोंगरी इथे हाक मारली की दहा यायचे. आता कोकणातल्या कित्येक मशिदी सणापुरत्या उघडतात. आमच्याकडे तर वर्षाचा दिवस असला की घरची माणसं मुंबईहून दहा जणांची गाडी करून येतात, वाटेत वडखळला नाश्ता, मग तेफिला (प्रार्थना).

आणि एक. बारा महिन्यांच्या आत बाबांचं एखादं बोलणं कुणाला सांगशील तेव्हा "त्यांच्या विश्रांतीचं प्रायश्चित्त मी होवो" असं म्हणायची रीत आहे, गमारात (तलमूदमध्ये) दिलेली. बारा महिन्यांनंतर "त्यांची आठवण आशीर्वाद होवो". हे करायला मिन्यान लागत नाही.

तलमीद:
पेणवाल्यांच्या झूमबद्दल. शुल्हान आरूख या धर्मनियमांच्या ग्रंथात (ओराह हयीम भाग, ५५ वा सिमान म्हणजे प्रकरण) दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. मिन्यान 'बनायला' दहा जण एका जागी हवेत. दहा घरांतले दहा चौकोन म्हणजे दहा एकटे. पण एकदा एका जागी दहा जमले की बाहेरून जो कोणी ऐकतो तो आमेन म्हणू शकतो. इस्राएल आणि त्यांचा स्वर्गातला पिता यांच्यामध्ये लोखंडी भिंतही आड येत नाही, असं वचन तिथे आधाराला घेतलंय. यावरूनच हाखाम (रब्बी) ओवादिया योसेफ यांनी थेट प्रक्षेपण रेडिओवर ऐकणाऱ्याला आमेन म्हणायची मुभा दिली. थेट हवं, रेकॉर्ड केलेलं नाही.

आता साळुंकीताई, तुमच्यासाठी याचा अर्थ: अश्दोदला कोपऱ्याकोपऱ्यावर मिन्यान आहे. तुमच्या भावाने तिथे उभं राहून म्हटला आणि तुम्ही फोनवरून "आमेन, येहे शेमे रब्बा" म्हटलंत, तर ते धरलं जातं. उलटं होत नाही, म्हणजे तुम्ही इथून म्हणायचा आणि तिकडच्यांनी उत्तर द्यायचं, असं नाही.

साळुंकी:
म्हणजे फिरून भावावरच आलं ना.

तलमीद:
जबाबदारी मुलावर आहे, हे तर आहेच. पैसे देऊन दुसऱ्याकडून म्हणवून घेणं चालतं, ती जुनी रीत आहे, पण ती ज्याला मुलगा नाही किंवा मुलाला जमतच नाही त्याच्यासाठी. येत नाही हे कारण आता टिकत नाही. कद्दिश देवनागरीत लिहिलेला मिळतो, अर्ध्या पानाचा आहे. शब्बाथला गाडी चालवतो म्हणून मंगळवारी कद्दिश म्हणू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. एक पाप केलं म्हणून दुसरी मित्स्वा (धर्माज्ञा) रद्द होत नसते.

लोदवासी:
भावाला माझा निरोप द्या. आमच्या इथल्या, म्हणजे इस्राएलातल्या लोदच्या, बेने इस्राएल मशिदीत निम्मे पुरुष असे आहेत की जे वर्षात एरवी तीनदा येतात, पण वडील गेले की अकरा महिने रोज. कोणी विचारत नाही तुम्ही शनिवारी काय करता. उलट नवा माणूस दिसला की पुस्तक उघडून बोट ठेवून देतात. माझा नवरा असाच शिकला. पहिला आठवडा अडखळत, मग सुसाट, इतका की मागचे म्हणायचे जरा हळू.

रानजाई:
साळुंकीच्या प्रश्नाला कोणी सरळ हात घालत नाहीये. तिने विचारलंय: मी का नाही?

हा प्रश्न नवा नाही. सतराव्या शतकात आम्स्टरडॅमला एकाला मुलगा नव्हता, त्याने सांगून ठेवलं की माझ्यामागे घरात दहा जणांनी रोज अभ्यास करावा आणि शेवटी मुलीने कद्दिश म्हणावा. तिथल्या पंडितांनी हरकत घेतली नाही. वर्म्सचे रब्बी याईर बाखाराख यांनी यावर लिहिलं, आणि गंमत अशी की त्यांनी कारणं मुलीच्या बाजूचीच दिली: बाईवरही देवाचं नाव पवित्र करायची आज्ञा आहे, दहा पुरुष हजर आहेत, मुलगीही वडिलांचीच संतान, तिच्या म्हणण्याने वडिलांच्या आत्म्याला लाभ होतोच. आणि तरी शेवटी नको म्हटलं, का, तर प्रत्येकजण आपापलं डोकं चालवू लागला तर रिवाज सैल पडतील. म्हणजे नकार कायद्याचा नव्हता, भीतीचा होता. मला तरी तसंच वाटतं.

१९१६ मध्ये हेन्रिएटा झोल्ड यांची आई वारली. आठ मुली, मुलगा नाही. एका स्नेह्याने आपण होऊन सांगितलं, तुमच्यासाठी मी म्हणतो. त्यांनी त्याला पत्र लिहून आभार मानले आणि नकार दिला. मुलींनी हे करू नये असं आपल्या घरात कधी मानलं गेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. वडील गेले तेव्हा त्यांच्या आईनेही असंच परक्याला नाही म्हटलं होतं. आज ऑर्थोडॉक्स रब्बींमध्येही काही जण परवानगी देतात: बायकांच्या सज्जातून, खाली एखादा पुरुष म्हणत असताना त्याच्याबरोबर. आणि मुंबईतच १९२५ पासून लिबरल मंडळी आहेत, डॉ. जेरुशा झिराड यांनी उभी केलेली. अशा मंडळींत बाई मिन्यानमध्येही मोजली जाते.

हझानकाका:
रानजाईताई, लिहिलंत ते खरं, पण अर्धं. आपली तेफिला सेफारदी (मूळच्या स्पेनकडच्या ज्यूंच्या) वळणाची. सेफारदी हाखामांत बहुतेकांनी मुलीने मशिदीत कद्दिश म्हणायला संमती दिलेली नाही. मी माझ्या मशिदीत म्हणू देणार नाही, हे स्पष्ट सांगतो, मागून कुजबुज नको. मात्र घरी मिन्यान जमला, अभ्यास झाला, हश्काबा (मृतासाठीची प्रार्थना) झाली, तिथे मुलीने वडिलांसाठी तेहिलीम (स्तोत्रं) वाचले तर मी स्वतः पुस्तक धरून उभा राहीन. ११९ वा तेहिलीम घ्यावा, त्यात बावीसही अक्षरांची आठ-आठ कडवी आहेत. नावातल्या अक्षरांची कडवी निवडून वाचायची.

पेणवाला:
म्हणजे सज्जातून हळूच म्हटलं तर काका वर बघणार नाहीत, असं समजायचं का?

हझानकाका:
माझा चष्मा फक्त वाचायचा आहे. लांबचं दिसत नाही.

फडकेवाडी:
मी समाजाबाहेरचा, पण वाचतोय मन लावून. आमच्याकडे मुलीने अग्नी द्यावा का, दहाव्याला पिंड मुलीने ठेवावा का, यावर घरोघरी हेच भांडण. मागच्या वर्षी आमच्या बहिणीने दिला अग्नी, गुरुजी काही बोलले नाहीत, चुलते मात्र बोलले. एक विचारू? अकरा महिनेच का? वर्ष का नाही?

तलमीद:
चांगला प्रश्न. परंपरा अशी की पापी माणसाचा न्याय बारा महिने चालतो. मुलाने पूर्ण बारा महिने कद्दिश म्हटला तर आपल्या बापाला पाप्यांत धरल्यासारखं होईल, म्हणून पोलंडचे रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनी अकरावर थांबायचा रिवाज लिहून ठेवला. बगदादी आणि इतर काही सेफारदींमध्ये अकरा महिने झाले की एक आठवडा खंड पाडतात आणि मग बारावा महिना पुरा करतात. सुतकाचे बाकीचे नियम, म्हणजे गाणंबजावणं, लग्नाच्या पंगती टाळणं, आईवडिलांसाठी पूर्ण बारा महिने. बायको, भाऊ, मूल यांच्यासाठी तीसच दिवस.

रसायनीकर:
धाग्यावर आहेच तर माझंही विचारून घेतो. आई अदार महिन्यात गेली. हिब्रू वर्ष ५७८७ ला दोन अदार आहेत. दिवस कुठल्या अदारात करायचा?

तलमीद:
सेफारदी रिवाजाने दुसऱ्या. अश्केनाझी (युरोपाकडचे ज्यू) पहिल्यात करतात, काही दोन्हीत. आई ज्या वर्षी गेली ते वर्षच दोन अदारांचं असेल तर मात्र ज्या अदारात गेली तोच.

दिमोनाची आजी:
पोरी, मी अलिबागकडची. लग्न होऊन इथे आले, वाळूत. मराठी लिहायला नातीने फोनवर शिकवलं. सगळ्यांचं वाचलं.

आम्ही आलो तेव्हा इथल्या मोठ्या रब्बींनी काय केलं होतं ठाऊक आहे ना? बेने इस्राएलच्या मुलीचं बाहेर लग्न ठरलं तर तिच्या आईची आई, तिची आई, असं मागे मागे तपासा, असं फर्मान. १९६४ मध्ये आमची माणसं यरुशलेमला रस्त्यावर बसली, क्नेसेतने (तिथल्या संसदेने) ठराव केला, तेव्हा कुठे ते मिटलं. त्यामुळे कोणी मला म्हणालं "हलाखात (धर्मनियमांत) असं आहे", तर मी आधी विचारते कुठल्या पानावर. तूही विचार. ज्याने तुला सांगितलं लग्न झालेल्या मुलीवर आईचं काही नाही, त्याला पान विचार.

तलमीद:
आजी, पान सांगतो: शुल्हान आरूखचा योरे देआ भाग, सिमान २४०. तिथे लिहिलंय की मान राखणं मुलगा-मुलगी दोघांनाही सारखंच लागू. लग्न झालेल्या मुलीला नवऱ्याच्या घरच्या जबाबदारीमुळे सवड नाही, म्हणून तिला माफी, आणि विधवा झाली किंवा घटस्फोट झाला तर पुन्हा दोघं समान. म्हणजे माफी आहे ती अडचणीची आहे, नातं संपल्याची नाही. नवऱ्याची हरकत नसेल तर तिनेही करायचंच, असं पुढचे भाष्यकार सांगतात. साळुंकीताईंच्या नवऱ्याची हरकत आहे असं त्यांनी कुठे म्हटलेलं नाही.

मान म्हणजे काय, तेही गमारात मोजून दिलंय: खाऊ घालणं, पाणी देणं, कपडे चढवणं, हाताला धरून आत-बाहेर नेणं. आणि धाक म्हणजे त्यांच्या जागेवर न बसणं, त्यांचं बोलणं न तोडणं. मनात प्रेम किती आहे ते विचारलेलं नाही.

खर्चाचं: आईकडे पैसे असतील तर आईच्या पैशातून. नसतील तर मुलांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे. अंगमेहनत मात्र मुलांची. तिला मोल नाही.

अशिलाविना:
मध्येच घुसते, व्यवसायाने वकील. फ्लॅट बाबांच्या एकट्याच्या नावावर होता आणि मृत्युपत्र नव्हतं असं धरलं, तर भारतातल्या ज्यूंना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. बायकोला एक तृतीयांश, उरलेलं मुलांमध्ये सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. भाऊ एकटा "विकून टाकू" म्हणू शकत नाही. तोरात मुलगे असताना मुलींना वाटा नाही, सेलोफहादच्या मुलींची गोष्ट मुलगा नसतानाची आहे, पण इथे कोर्ट कायदा बघणार. सोसायटीत नॉमिनी कोण आहे ते आधी पाहा. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे भावालाही सांगा.

साळुंकी:
नॉमिनी आई आहे. विकायचा विषय माझ्याकडून बंद. पण ती दुपारी विचारते त्याचं काय करू? रोज नव्याने सांगू? खोटं बोलणं पाप, आणि आईशी खोटं म्हणजे दुप्पट. काल म्हटलं, "येतील गं." ती निवांत झोपली आणि मी रात्रभर जागी.

हझानकाका:
यावर सरळ नियम आहे, मुली. योरे देआ, ३३७. आजारी माणसाचं जवळचं कोणी वारलं तर त्याला सांगायचं नाही, कारण मन फाटून जाईल. त्याच्या देखत कपडा फाडायचा नाही, रडायचं नाही, सांत्वन करायला आलेल्यांनाही गप्प करायचं. हे फक्त आईबापाच्या बाबतीत नाही, सगळ्यांच्याच. तुझी आई एकदा सगळं ऐकून, सात दिवस बसून मोकळी झालेली आहे. तिचं कर्तव्य झालं. आता पुन्हा पुन्हा सांगून तिला रोज तो पहिला दिवस दाखवायची कोणाचीही आज्ञा नाही. "येतील" म्हणायला जीभ रेटत नसेल तर विषय बदल. "चहा ठेवलास? आलं घातलंस का?" असं विचार. चहाचं बोलणं खोटं नाही.

दिमोनाची आजी:
काकांनी बरं सांगितलं. आणि तो चहा ओतून टाकू नको तिच्यासमोर. तू पी.

तलमीद:
आईला कुठे ठेवायचं, यावर गमारात एक गोष्ट आहे, कित्येकांना माहीत नसते. राव आस्सी बाबेलात राहायचे. म्हातारी आई म्हणाली, मला दागिने हवेत; करून दिले. म्हणाली, नवरा हवा; बघतो म्हणाले. म्हणाली, तुझ्यासारखा देखणा हवा. तेव्हा ते तिला सोडून इस्राएलला निघून आले. मग कळलं की ती मागोमाग येतेय. रब्बी योहानानना विचारलं, देश सोडून तिला सामोरा जाऊ का? आधी स्पष्ट उत्तरच मिळेना, मग परवानगी मिळाली. तेवढ्यात कळलं की आईची शवपेटी येतेय.

रामबाम (मायमोनिडीस) यावरूनच लिहितात: आईबापांचं मन बिघडलं तर त्यांच्या कलाने घ्यायचा प्रयत्न करावा, आणि अगदीच झेपेनासं झालं तर त्यांना दुसऱ्यांच्या हाती नीट सोपवून बाजूला व्हावं. त्यावर त्यांचा टीकाकार राबादने तिथल्या तिथे खरमरीत टिपण ठेवलंय: हा स्वतःच सोडून गेला तर मग सांभाळायला सांगणार कोणाला? दोघांचं म्हणणं छापील पानावर एकमेकांशेजारी आहे.

मला यातून एवढंच दिसतं की बाई ठेवणं किंवा वेळ आली तर वृद्धाश्रम, हे निषिद्ध नाही, कोणी पाप म्हणालं तर रामबाम दाखवा. पण 'सोपवणं' म्हणजे पैसे भरून मोकळं होणं नव्हे. आईला तिच्या इच्छेविरुद्ध देश बदलायला लावणं मात्र मला यात कुठे बसताना दिसत नाही. विसरणाऱ्या माणसाला स्वतःचं स्वयंपाकघर तेवढं आठवत असतं.

विरार फास्ट:
थोडं अवांतर. मिनहा (दुपारची प्रार्थना) लोकलमध्ये म्हणायची वेळ येते माझ्यावर, विशेषतः डिसेंबरात, सहालाच सूर्य बुडतो. उभं राहायला जागा असते पण गर्दीत तीन पावलं मागे जायचं म्हणजे कोणाच्या तरी पायावर. चालते का बसून?

तलमीद:
चालते. प्रवासातल्याने बसून म्हटली तरी चालते, जनावरावर बसलेल्याने खाली उतरायची गरज नाही असा जुना नियम आहे. तोंड यरुशलेमकडे असावं, मुंबईहून ते पश्चिमेला, जरासं उत्तरेकडे. विरारकडे जाताना डावी खिडकी, चर्चगेटकडे येताना उजवी. वळता येत नसेल तर मन वळवा. पावलं स्टेशनवर उतरून मागे घेऊ नका, ते कंपल्सरी नाही.

रानजाई:
आणि हिब्रू येत नसेल त्यांनी मराठीत म्हणावी. शेमा, तेफिला, जेवणानंतरचा आशीर्वाद कुठल्याही भाषेत चालतो असं मिश्नात (जुन्या धर्मसंहितेत) आहे. आपल्याकडे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकातच प्रार्थनांची मराठी करून ठेवली, ती काय नुसती कपाटात ठेवायला?

हझानकाका:
मिन्यानात मराठी बिनधास्त. एकट्याने म्हणताना काही हाखाम फक्त हिब्रू सांगतात, काही स्वतःचं मागणं असेल तर मराठीला हरकत घेत नाहीत. साळुंकीच्या आईला हिब्रू आठवत नसेल आणि मराठीतलं एखादं एलियाहू हन्नाबीचं (प्रेषित एलियाचं) गाणं आठवत असेल तर ते म्हणू द्या. बायकांवर तेफिला आहे, पण रोज एकदा, आपल्या शब्दांत, एवढं रामबामच्या मते पुरतं.

पेणवाला:
मलिद्याचा (एलियाहू हन्नाबीच्या नावाने करायच्या आपल्या विधीचा) प्रश्न राहिलाच. घरात सुतक असताना मलिदा करायचा का? आमच्या आत्याने वर्षभर बंद ठेवला होता.

हझानकाका:
मलिदा म्हणजे पंगत नव्हे. नवस फेडायचा असेल, कोणी आजारातून उठला असेल, तर पोहे, खोबरं, गूळ, पाच फळं घेऊन करायला माझ्या मते हरकत नाही. ढोलकी आणि गाणी वगळावीत. आणि तबकात केळं असलं तर त्याचा आशीर्वाद जमिनीच्या फळाचा, झाडाच्या फळाचा नव्हे. केळीचं खोड दरवर्षी मरतं. हे दर मलिद्याला सांगतो आणि दर मलिद्याला कोणीतरी केळं हातात घेऊन झाडाचा आशीर्वाद म्हणतोच.

साळुंकी:
भावाशी काल बोलले. लोदवासी, तुमचा निरोप शब्दशः वाचून दाखवला. तो हसला, मग बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "देवनागरीतला पाठव." पाठवला. संध्याकाळी त्याच्या घराजवळच्या मशिदीत मिनहा आणि आर्वित (रात्रीची प्रार्थना) जोडून असते. तो खिशात फोन चालू ठेवून उभा राहिला. आवाज फाटका येत होता, मागे कोणाचं तरी मूल रडत होतं. दोन ठिकाणी अडला, तिसऱ्याच कोणीतरी पुढचा शब्द सांगितला. मी इथून आमेन म्हटलं. आई शेजारी बसली होती, तीही म्हणाली, कोणासाठी ते न विचारता.

शनिवारी मी आमच्या मशिदीत जाणार आहे, वर सज्जात. काका, तुमच्या नाही, काळजी नसावी. तिथल्या हझानशी (प्रार्थना चालवणाऱ्याशी) आधीच बोलले आहे. खाली एक गृहस्थ आपल्या आईसाठी म्हणतात, त्यांच्याबरोबर हलक्या आवाजात म्हणायला ते हो म्हणाले. दिवसा आईजवळ बाई ठेवतोय, पगार तिच्या पेन्शनमधून, कमी पडेल ते भाऊ आणि मी निम्मं निम्मं.

रानजाई:
निम्मं निम्मं नाही. ऐपतीप्रमाणे. तो शेकेलमध्ये कमावतो.

लोदवासी:
एक लक्षात ठेवा: शुक्रवारी फोन लावू नका. इथे मिनहाची वेळ होईपर्यंत मुंबईत शब्बाथ लागून गेलेला असतो. भावाला सांगा, शुक्रवारी खिशात फोन नको, त्याचा त्याने म्हणायचा.

आणि पेसाहच्या (वल्हांडण सणाच्या) आधी इथली घड्याळं एक तास पुढे जातात. आता साडेतीन तासांचा फरक आहे, मग अडीच होईल. सूर्यास्त इथे सातच्या सुमारास येईल, म्हणजे तुमचे साडेनऊ. आईला तोवर झोपवलेलं असेल तर भावाला सकाळच्या मिन्यानला जायला सांगा. साडेसहाची शाहारीत म्हणजे तुमच्याकडे नऊ, ऑफिसला निघायच्या आत होईल.

साळुंकी:
नऊला मी गाडीत असते.

विरार फास्ट:
डावी खिडकी की उजवी?